आर्द्रा लागली, कोंबडीखालची गादी मुठीत धरून बघा

मृगाचा पाऊस पडून गेला. आता आर्द्रात झड धरेल, आणि कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात झड म्हणजे चार-चार दिवस ऊन नाही, वारा नाही, भिंतींना घाम. ज्यांनी पोल्ट्रीतून सुटलेल्या, टेम्पोतून पडलेल्या, जत्रेत रंगवून विकलेल्या कोंबड्या घरी आणून सांभाळल्या आहेत, त्यांनी बाकीचं सगळं बाजूला ठेवून आज एक काम करावं. खुराड्यात जा. खाली अंथरलेलं भाताचं तूस म्हणजे गादी; पाण्याच्या भांड्याशेजारचं तूस मुठीत घ्या, आवळा आणि मूठ उघडा. लाडू वळला तर गादी ओली आहे. हळूहळू मोकळं होऊन बोटांतून सांडलं तर ठीक. नुसती धूळ उडाली तर जास्त कोरडी, पण ती तक्रार घेऊन जुलैत माझ्याकडे अजून कोणी आलेलं नाही.

पशुधन पर्यवेक्षक म्हणून गावोगाव फिरलो, त्यात सोडवून आणलेल्या कोंबड्या पावसाळ्यात मेलेल्या पाहिल्या त्या बहुतेक ओल्या गादीपायी. मुंगसानं, सापानं नेल्या त्या मोजक्याच. लोक कुंपणाला जाळी लावतात, रात्री उठून बॅटरी मारतात, आणि कोंबडी मरते ती पायाखालच्या ओलीनं.

अंड्यावरच्या पोल्ट्रीतली लेयर कोंबडी साधारण ७२ ते ८० आठवड्यांची झाली की लॉट काढतात. तिचं सगळं आयुष्य पिंजऱ्यात गेलेलं असतं, ए-फोर कागदाएवढीही जागा तिच्या वाट्याला आलेली नसते. पण मुद्दा वेगळा आहे. पिंजऱ्यात विष्ठा जाळीतून खाली पडते. आपली गावठी कोंबडी पिल्लू असल्यापासून उकिरडा उकरते, रक्ती हगवणीच्या परजीवीची अंडी थोडी थोडी तिच्या पोटात जातात आणि अंगात प्रतिकार तयार होतो. पिंजऱ्यातच वाढलेल्या लेयरला तो कधी मिळालेलाच नसतो. तुम्ही तिला मायेनं जमिनीवर सोडता, ती आयुष्यात पहिल्यांदा उकरते, आणि खालची गादी ओली असेल तर तेच तिला भोवतं. विष्ठेतून पडलेली ती अंडी ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगी होतात. कोरड्या तुसात बरीचशी तशीच मरतात. म्हणून ‘मोठी कोंबडी आहे, पिल्लांचा रोग हिला कुठला’ हे आसऱ्याच्या कोंबडीला लावू नका.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका निवृत्त जोडप्यानं बंद पडणाऱ्या शेडमधून २४ लेयर आणल्या. माणसं मनानं सोन्यासारखी. स्वच्छता हवी म्हणून खाली गुळगुळीत फरशी, तिच्यावर जेमतेम इंचभर तूस, आणि पाऊस आत येऊ नये म्हणून तीन बाजूंनी ताडपत्री खालपासून वरपर्यंत करकचून बांधलेली. मी आत वाकलो तर डोळ्यांतून पाणी आलं. कोपऱ्यात एक कोंबडी पिसं फुलवून, मान आत ओढून, डोळे मिटून उभी. खाली पडलेली विष्ठा कोकमाच्या आगळासारखी. आठवडाभरात ११ गेल्या. फळीवर दुकानदारानं दिलेल्या बाटल्यांची रांग होती: लिव्हर टॉनिक, प्रतिकारशक्तीचं द्रावण, शिवाय अँटिबायोटिकची पुडी. तुसाचं एक पोतंही नव्हतं.

ओल येते कुठून, ते बसून बघा. चार वाटा असतात.

पहिली पाण्याच्या भांड्याची, आणि निम्मी ओल हीच. पसरट टोपात पाणी ठेवलं की कोंबडी त्यात पाय घालते, तुरा बुडवते, मान झटकते. भांडं अरुंद तोंडाचं घ्या आणि विटांवर इतकं चढवा की पाण्याची कड उभ्या कोंबडीच्या पाठीला समांतर येईल. खाली जाळीची चौकट, तिच्याखाली वाळू भरलेलं घमेलं. सांडलेलं पाणी वाळूत जातं, कोंबडीचा पाय त्याला लागत नाही. पाण्याचे निप्पल (चोच लागली की थेंब सोडणाऱ्या तोट्या) बसवले असतील तर रात्री प्रत्येकाखाली कोरडा कागद ठेवा. सकाळी ठिपका दिसला तो निप्पल गळका.

दुसरी वाट पागोळ्यांची. वळचण भिंतीच्या बाहेर निदान ३ फूट हवी. नसेल तर पन्हळ लावा आणि पाणी लांब सोडा. जोतं जमिनीपासून फूट-दीड फूट उंच आणि भोवती चर. चर जूनच्या आधीच काढायचा असतो, पण नाही काढला तर भर पावसात कुदळ घ्या.

तिसरी ताडपत्रीची. लोक कोंबड्यांना थंडी लागेल म्हणून सगळं बंद करतात. आत श्वासाची वाफ, विष्ठेची वाफ, आणि अमोनिया. वरची फूटभर जागा उघडीच ठेवा, झड आली तरी. वास बघायचा तर उभ्यानं बघू नका, कोंबडीच्या उंचीला उकिडवे बसा. तिथे नाक झोंबलं तर तिच्या डोळ्यांना ती आग दिवसरात्र होते आहे.

चौथी वाट खाण्यातून येते, ती कोणाच्या लक्षात येत नाही. उरलेली भाजी, पापड, लोणच्याचा खार असं खारट खरकटं घातलं की कोंबडी जास्त पाणी पिते आणि पातळ हगते. पावसाळ्यात खरकटं बंद.

गादीसाठी भाताचं तूस सगळ्यांत चांगलं. आपल्याकडच्या गिरणीत अजून स्वस्तात मिळतं, झड धरण्याआधी चार पोती आणून कोरड्यात टाका. पेंढा नको, तो पाणी धरतो आणि त्याला बुरशी येते, तीच पुढे कोंबडीच्या फुप्फुसात जाते. ओल्या लाकडाचा भुसाही नको. उन्हाळ्यात २-३ इंच थर चालतो, पावसाळ्यात ४ ते ६ इंच. रोज सकाळी दाताळ्यानं खाली-वर करायचं. भांड्याभोवती खपली धरलेली असते, ती खाली-वर करायची नाही, उचलून घमेल्यात भरून बाहेर न्यायची आणि तिथे नवं तूस टाकायचं. १०० चौरस फुटांना साधारण १ किलो विझवलेला चुना भुरभुरवून तुसात मिसळतात. कोंबड्या तेव्हा बाहेर हव्यात, धुरळा बसल्यावरच आत घ्या. कळीचा चुना चुकूनही नको, पाय भाजतात.

माझी स्वतःची एक युक्ती आहे, कुठल्या पुस्तकातली नव्हे. संध्याकाळी आत घेताना गादीवर दोन मुठी ज्वारी फेकतो. कोंबड्या अंधार पडेपर्यंत उकरत राहतात आणि दाताळ्याचं निम्मं काम फुकटात होतं. ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेला पक्षी, मात्र हे करणार नाही. तो बसल्या जागी बसतो, म्हणून त्याच्याखालची गादी आधी ओली होते आणि त्याच्या छातीला आणि टाचेच्या सांध्याला फोड येतात. ब्रॉयलर सांभाळला असेल तर रोज संध्याकाळी उलटा करून छाती बघाच.

‘लिटर कंडिशनर’ नावाची, गादी कोरडी ठेवते म्हणून विकली जाणारी डबी सध्या दुकानात फार खपते. एका डबीच्या पैशात गिरणीवरून तुसाची गाडी भरून येते. आणखी बोलत नाही.

तरीही रक्त दिसलं तर? विष्ठा स्वच्छ डबीत घेऊन त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. रक्ती हगवण ठरली तर नेहमीचं औषध अँप्रोलियम २० टक्के पावडर: २५ लिटर पाण्यात ३० ग्रॅम, म्हणजे लिटरला १.२ ग्रॅम, ५ ते ७ दिवस. रोज नवं मिसळा आणि दुसरं पाणी समोर ठेवू नका. हे औषध बी-१ जीवनसत्त्वाची वाट अडवून परजीवीला मारतं, त्यामुळे त्याच दिवसांत बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक पाजलं तर औषध वाया गेलं. दुकानदार दोन्ही एकत्र बांधून देतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या दिवसांतली अंडी खाऊ नका. बहुतेक अँटिबायोटिकं या परजीवीवर चालत नाहीत. कोलिस्टिन तर २०१९ पासून देशात कोंबड्या-जनावरांना देणं बंद आहे, कोणी पुढे सरकवलं तर हात लावू नका. ताक पाजण्याचा जुना प्रघात आहे. मीही आजारातून उठलेल्या कोंबडीला पातळ, बिनमिठाचं ताक देतो आणि ती लवकर चरायला लागते असं मला वाटतं. पण औषधाच्या जागी ताक नाही.

आणि औषध चालू असताना गादी तीच ठेवली तर आठव्या दिवशी पुन्हा रक्त. सगळं तूस काढा, जमीन कोरडी होऊ द्या, नवं भरा.

बाकीची कामं:

- नवीन कोंबडी: ३० दिवस वेगळी, वेगळं भांडं, वेगळी चप्पल. तिचं काम शेवटी.
- राणीखेत (मानमोडी) रोगाची लस: लासोटा डोळ्यात थेंब. मोठ्यांना आर-टू-बी ही लस डॉक्टरांकडून. आजारी कोंबडीला लस नाही.
- जंताचं औषध: वजन करून, डॉक्टरांना विचारून.
- लेयरला शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत, कायम.
- ब्रॉयलरला मोजून खाद्य. भांडं भरून ठेवू नका, पाय मोडतात.
- चोच कापलेलीला खोल भांडं. सपाट जमिनीवरचा दाणा तिला उचलता येत नाही.
- जागा: पोल्ट्रीचं गणित दर कोंबडीला २ चौरस फूट. तुम्ही ४ धरा.
- बसायचा दांडा लेयरला दीड-दोन फुटांवर, ब्रॉयलरला अर्ध्या फुटावर.
- खाद्य १५ दिवसांचंच आणा, फळीवर ठेवा. वास आलेला मका फेका.
- उवा: चुलीची कोरडी राख आणि माती, छपराखाली टोपलीत, अंग घुसळायला.

एक गोष्ट मात्र थांबायची नाही. एका दिवसात एकदम दोन-चार कोंबड्या गेल्या, तुरा आणि चोचीखालची लोंबती गळोल जांभळी दिसली, किंवा आसपास कावळे मरून पडले, तर मेलेल्याला हात लावू नका, कोंबड्या कुठे हलवू नका, १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात. बाधित ठिकाणापासून १ किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या मारल्या जातात, त्यात तुमची माया धरली जात नाही. लपवून ठेवलं तर शेजाऱ्याच्याही जातात.

काढलेलं ओलं तूस खुराड्याच्या मागेच टाकायची सवय आहे आपल्याला. पावसाचं पाणी ते परत आत आणतं. निदान ५० फूट लांब, उताराच्या खालच्या बाजूला खड्डा घ्या, वरून माती आणि पालापाचोळा, वर जुन्या पत्र्याचा तुकडा. दिवाळीनंतर उघडा. नारळाच्या आळ्यात दोन पाट्या घातल्या तरी पुरे.