मूल बोलतं व्हावं म्हणून: पहिल्या 3 वर्षांत घरच्यांनी काय करावं

पहिला शब्द साधारण पहिल्या वाढदिवसाच्या आसपास येतो, पण त्याची तयारी जन्माआधीपासून चाललेली असते. गर्भातल्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाला ऐकू येतं आणि जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखतं. त्यामुळे "जरा मोठं होऊ दे, मग बोलू त्याच्याशी" असं म्हणून थांबू नका.

1. आधी ऐकू येतंय ना, ते बघा

नवजात बाळाची श्रवण चाचणी झोपेतही होते, दुखत नाही. ती राहिली असेल तर करून घ्या. "आवाज काढतोय म्हणजे ऐकू येतंय" हा समज फसवा आहे. ऐकू न येणारी बाळंही सुरुवातीचे काही महिने हुंकार देतात. चाचणी नीट आली, पण पुढे कान वारंवार फुटत असेल, तर पुन्हा तपासा.

2. हुंकाराला उत्तर द्या

दोन महिन्यांच्या सुमारास बाळ 'अगू', 'ऊं' करू लागतं. चेहरा त्याच्यासमोर आणा, तोच आवाज परत काढा आणि गप्प राहा. त्याची पाळी त्याला मिळू द्या. सहा-सात महिन्यांपासून 'बाबाबा', 'दादादा' सुरू होतं. त्यावर "बाबा म्हणाला!" असा जल्लोष होतो, आणि आईची थोडी निराशा. खरं तर त्या आवाजांना अजून अर्थ चिकटलेला नसतो. पण आपण अर्थ असल्यासारखं उत्तर देत गेलो की तो हळूहळू चिकटतो. लाडाच्या, लांबवलेल्या सुरात बोलायला हरकत नाही, त्या सुराकडे बाळं जास्त लक्ष देतात. शब्द मात्र खरे वापरा.

या वयातलं ऐकणं किती मोलाचं असतं, ते जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या मानसशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये दाखवलं. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या 6 ते 8 महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या 'त' आणि 'ट' मधला फरक कळत होता. वर्षाच्या आसपासच्या बाळांना तो जवळजवळ कळेनासा झाला होता. भोवती जे ऐकू येतं, त्याप्रमाणे कान घडत जातो.

3. बोटाच्या दिशेने बघा

नऊ ते बारा महिन्यांत मूल बोट दाखवायला लागतं. माझ्या मते हा पहिल्या शब्दाइतकाच मोठा टप्पा आहे, पण त्याचं कौतुक फारसं होत नाही. मूल छताकडे बोट करून "अं!" म्हणतं आणि आपण त्याला चेंडूचं चित्र दाखवत बसतो. चेंडू राहू द्या. वर बघा. "पंखा! गरगर फिरतोय पंखा." आता थांबा. मनात पाचपर्यंत मोजा. मोठ्यांना हेच सगळ्यात जड जातं. दोन आकडे होत नाहीत तोच आपण पुढचं वाक्य टाकतो. थांबलात तर कधी नुसती नजर येईल, कधी 'पं', कधी काहीच नाही. जे येईल ते त्याचं बोलणं समजून पुढे चला.

"हे काय आहे? म्हण बघू!" ही तोंडी परीक्षा, विशेषतः पाहुण्यांसमोरची, बंद करा.

4. चूक काढू नका, वाक्य वाढवा

दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान मुलं दोन शब्द जोडतात. "बाबा गाली" आलं की "गाली नाही, गाडी म्हण" याऐवजी "हो, बाबांची गाडी आली" म्हणा. बरोबर रूप त्याच्या कानावर पडतं आणि गप्पाही तुटत नाहीत. 'र' चा 'ल' होणं या वयात चालायचंच. पुढे "मी करलं" ऐकू येईल. ते कुणी शिकवलेलं नसतं; 'बसलं', 'पडलं' ऐकून मुलाने स्वतः नियम काढलेला असतो. "अरे वा, तू केलंस!" एवढं पुरे.

5. मोबाइल-टीव्हीचा पडदा बाजूला ठेवा

बाळांच्या भाषेवर संशोधन करणाऱ्या पॅट्रिशिया कूल यांच्या 2003 च्या प्रयोगात नऊ महिन्यांची अमेरिकन बाळं समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून चिनी भाषेतले ध्वनी शिकली. तीच माणसं व्हिडिओवर दाखवली, तेव्हा शिकली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा 2019 चा सल्ला असा: दोन वर्षांपर्यंत पडदा नको, दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास.

घरात दोन भाषा असतील तर दोन्ही बोला. त्यामुळे वाणीदोष होत नाही. शब्द मोजताना मात्र दोन्ही भाषांतले मिळून मोजा.

6. वाट बघत बसू नका

"आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात" या वाक्यात महिने निघून जातात. वर्षाचं होऊनही बडबड नाही की बोट दाखवणं नाही, 16 महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची स्वतःची जोडी नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. येत असलेले शब्द गेले, तर कोणत्याही वयात लगेच जा. वाचा-उपचारतज्ज्ञाकडे जाताना मूल घरी खेळताना मोबाइलवर काढलेला दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ आणि त्याला येणाऱ्या शब्दांची यादी न्या. अनोळखी खोलीत बहुतेक मुलं तोंडच उघडत नाहीत.