पोरगी गाडी घेऊन कॉलेजला निघायच्या आधी

आमची धाकटी फर्मागुडीला इंजिनियरिंगला लागली आणि घरात एकच टुमणं सुरू झालं, बस नको गाडी दे. आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे, म्हणजे रोज आमोणा पुलावरून खांडोळा, माशेल, बाणस्तारी, पुढे भोम, कुंडई, मंगेशी करत वर चढायचं. जुनी हॅचबॅक घरात पडूनच होती, देऊन टाकली असती, पण द्यायच्या आधी दोनेक महिने आम्ही जे काय केलं ते लिहितोय, कोणाला उपयोग झाला तर बघा.

आधी वय. बारावी झाली म्हणजे अठरा झाले असं नसतं, बरीच पोरं कॉलेजात जातात तेव्हा साडेसतराची असतात. अठराच्या आत गाडी दिली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला 25 हजार दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन 12 महिने रद्द, आणि पोराला वयाच्या 25 पर्यंत लायसन्स नाही. "गावातल्या गावात काय होतंय" म्हणणारे काका प्रत्येक वाड्यावर असतात, त्यांचं ऐकू नका. लर्निंग मिळालं की 30 दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते, लर्निंग 6 महिने चालतं, घाई करू नका. त्या काळात बाजूला लायसन्सवाला माणूस आणि गाडीला लाल एल पाहिजेच.

आणि टेस्ट पास झाली म्हणून चावी देऊ नका, टेस्टला पाऊस नसतो, पुढे अचानक थांबणारी मिनीबस नसते आणि मागून हॉर्न मारून जीव खाणारा ट्रकवाला पण नसतो. मी काय केलं, तिचा कॉलेजचाच रस्ता धरला आणि तोच परत परत करून घेतला, एकदा रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर, मग सोमवारी साडेआठला, मग काळोखात, मग मुद्दाम धो धो पावसात. मी बाजूला गप्प. हे सगळ्यात कठीण, खरंच सांगतो, पहिल्या दिवशी मी खोटा ब्रेक इतका दाबला की पाय दुखायला लागला. पण तुम्ही सारखं "अगो सांभाळ, अगो डावीकडे" करत राहिलात तर ती रस्त्याकडे बघणं सोडून तुमच्याकडे बघते.

त्या फेऱ्यांत काय काय कळलं तर भोमला रस्ता अरुंद, तिथे ओव्हरटेक नाही म्हणजे नाही. मंगेशीजवळ टुरिस्टांच्या गाड्या, काळ्या पाटीवर पिवळे आकडे दिसले की समजायचं भाड्याची गाडी, हा मॅप बघत मधेच ब्रेक मारणार, अंतर ठेव. पावसाळ्यात रात्री गुरं रस्त्यावरच बसतात, काळी म्हैस तर डिपर मारूनसुद्धा शेवटच्या क्षणी दिसते, म्हणून काळोख पडला की स्पीड कमी. गावात दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे असतात तिथे समोरून गाडी आली तर रिव्हर्स घ्यावीच लागते, तर रिव्हर्स पन्नास मीटर सरळ येईपर्यंत घेऊन बघा, आमच्या बाईसाहेबांना हे शिकायला दोन आठवडे लागले आणि मागच्या बंपरचा एक कोपरा गेला. आणि माडाखाली पार्किंग करायचं नाही, हे सांगायला लागतं यावर माझा विश्वास नव्हता पण लागतं.

पाण्याचं वेगळं सांगतो. माझ्या भाच्याने साचलेल्या पाण्यात गाडी घातली, बंद पडली, आणि त्याने परत परत स्टार्टर मारला. तिथेच चुकलं, इंजिनात पाणी गेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. खर्च ऐकून भावोजी दोन दिवस जेवले नाहीत. पाण्यात बंद पडली तर चावी फिरवायची नाही, ढकलून बाहेर काढायची, गॅरेजवाल्याला फोन. साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा मिळत नाही, इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं, रिन्यू करताना विचारा. काच आतून धुरकट झाली तर हाताने पुसू नको, एसी लाव आणि हवा काचेवर सोड. वायपरचं रबर मे महिन्यातच बदला.

स्टेपनी बदलणं घरीच करून घ्या. आम्ही अंगणात केलं. जॅक लावायच्या आधी हँडब्रेक, चाकामागे दगड, नट अर्धा फेरा ढिले, जमत नसेल तर पान्यावर उभं राहायचं, मग गाडी उचलायची. नट परत घट्ट करताना समोरासमोरचे. मातीत जॅक रुततो, खाली फळी घाल. आणि स्टेपनीत हवा आहे का ते महिन्यातून एकदा, आमच्या स्टेपनीत नव्हतीच, मी चार वर्षं फुशारकीने घेऊन फिरत होतो.

कागदपत्रं डिजिलॉकरमधे चालतात, पण फोन मेला तर? लायसन्स खिशात ठेव. इन्शुरन्स आणि पीयूसीची तारीख फ्रिजवर चिकटवलीय. अपघात झाला तर 112, अँब्युलन्स 108.

आता दारूचं. गोव्यात 21 च्या आत दारू कायद्याने नाही, पण मार्च-एप्रिलात कुठच्या घरात उर्राक, म्हणजे काजूची दारू, नसतो आणि कुठच्या फेअरवेलला बिअर नसते ते मला सांगा. म्हणून मी उपदेश केला नाही, एकच बोललो, रात्री दोन वाजता फोन कर, तू घेतली असशील किंवा चालवणाऱ्याने घेतली असेल, मी येतो, त्या दिवशी काही विचारणार नाही. तिने विचारलं, दुसऱ्या दिवशी? म्हटलं, दुसऱ्या दिवशी आई विचारेल.

पहिल्या सोमवारी ती गेली, मी फाटकापर्यंत जाऊन हात केला, आत आलो तर बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, जॅक आणि पाना तसाच पडलेला.