हार्ड डिस्कची प्रकृती तपासताना या चुका टाळा

डिस्क तपासणारे सॉफ्टवेअर उघडायचे, ‘पास’ किंवा ‘ओके’ असा शेरा पाहायचा आणि निर्धास्त व्हायचे, एवढ्यावर बहुतेकांची तपासणी संपते. सर्वांत मोठी चूक इथेच होते. डिस्कमधील ‘स्मार्ट’ या, स्वतःच्या प्रकृतीच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणेत निरनिराळ्या नोंदींसाठी उत्पादकाने किमान मर्यादा ठरवून दिलेल्या असतात, आणि एखाद्या महत्त्वाच्या नोंदीचे गुण त्या मर्यादेपर्यंत घसरल्याखेरीज एकूण निकाल सहसा ‘पास’ असाच येतो. या मर्यादा बऱ्याच सैल असतात. त्यामुळे कित्येक सेक्टर (डेटा साठवण्याचे छोटे कप्पे) वाचता येत नसलेली डिस्कही बिनदिक्कत उत्तीर्ण होते.

म्हणून शेऱ्यापेक्षा आतला तक्ता वाचावा. त्यात प्रत्येक नोंदीपुढे दोन प्रकारचे आकडे असतात. एक म्हणजे गुण, जे बहुधा १०० किंवा २०० पासून सुरू होऊन खाली घसरतात. दुसरा म्हणजे ‘रॉ व्हॅल्यू’, म्हणजे प्रत्यक्ष मोजलेला आकडा. गुणांच्या रकान्यातील १०० पाहून ‘शंभर चुका झाल्या’ असे समजणारे लोक आहेत, आणि रॉ व्हॅल्यूकडे ढुंकूनही न पाहणारे त्याहून जास्त. फिरत्या चकतीच्या डिस्कमध्ये ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या नोंदींची रॉ व्हॅल्यू शून्य असायला हवी. क्रमांक ५ मध्ये राखीव जागेत हलवलेले सेक्टर मोजले जातात, १९७ मध्ये वाचता न आल्यामुळे निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले, आणि १९८ मध्ये डिस्कने स्वतःहून केलेल्या पडताळणीत न वाचता आलेले. क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर रॉ व्हॅल्यू मुळात षोडशमान पद्धतीने दाखवते, त्यामुळे तिथे दिसणारे १० म्हणजे खरे तर १६ असतात; सेटिंगमधून दशमान पद्धत निवडून घ्यावी.

उलट टोकाची चूक म्हणजे कोणताही मोठा आकडा पाहून घाबरणे. सीगेटच्या अनेक डिस्कमध्ये ‘रॉ रीड एरर रेट’ (वाचनातील चुकांचे प्रमाण) या नोंदीपुढे कोट्यवधींची संख्या दिसते, कारण त्या एकाच आकड्यात एकूण वाचनांची संख्याही गुंफलेली असते, ती डिस्क धडधाकट असू शकते. क्रमांक १९९ ची, म्हणजे डेटाच्या देवाणघेवाणीतील चुकांची, नोंद वाढत असेल तर दोष बहुधा चकतीचा नसून डेटा केबलचा किंवा सैल जोडणीचा असतो. केबल बदलल्यावरही हा आकडा शून्यावर येत नाही, फक्त वाढायचा थांबतो, आणि हे ठाऊक नसल्यामुळे चांगल्या डिस्क टाकून दिल्या जातात.

आकडा वाढतो आहे की थांबला आहे, हे कळायचे तर एकदाच पाहून भागत नाही. चार वर्षांपूर्वी हललेले आणि तेव्हापासून स्थिर असलेले आठ सेक्टर तितकेसे चिंतेचे नसतात. गेल्या आठवड्यात दोन आणि आज वीस, हे मात्र धोक्याचे लक्षण आहे. तारीख टाकून आकडे लिहून ठेवावेत किंवा स्मार्टमॉनटूल्स या सॉफ्टवेअरमधील पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवेकडे हे काम सोपवावे. डिस्क यूएसबीच्या खोक्यात असेल आणि तक्ता रिकामा दिसत असेल, तर खोक्यातील चिप ही माहिती पुढे जाऊ देत नसण्याची शक्यता आधी तपासावी.

लक्षण नाही म्हणजे आजार नाही, हा समजही सोडावा. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये तापमान वगळता स्मार्टच्या कोणत्याही नोंदीत दोषाची खूण आढळली नव्हती. त्यामुळे आकडे स्वच्छ असले तरी बॅकअप पुढे ढकलू नये. एनव्हीएमई एसएसडीसाठी (फिरती चकती नसलेल्या, चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कसाठी) निकष वेगळे आहेत: तिथे ‘पर्सेंटेज यूज्ड’ हा झिजेचा अंदाज असतो आणि तो १०० च्या पुढेही जाऊ शकतो, त्यामुळे शिल्लक राखीव जागा आणि ‘मीडिया एरर’ (साठवलेल्या डेटातील न सुधारता आलेल्या चुका) यांकडे अधिक लक्ष द्यावे.

प्रतीक्षेतील सेक्टर दिसताच विंडोजमधील चेक डिस्कचा दुरुस्तीचा पर्याय किंवा डीफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र करणारे साधन) चालवणे, ही सर्वांत महागात पडणारी घाई. दुबळ्या डिस्ककडून तासन्तास वाचन-लेखन करवून घेतले की वाचू शकणाऱ्या फायलीही हातच्या जातात. आधी सर्वांत मोलाच्या फायली दुसऱ्या डिस्कवर घ्याव्यात, शक्य असल्यास डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरने पूर्ण प्रतिमा, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रत, काढावी आणि दुरुस्ती त्या प्रतिमेवर करावी. टकटक असा आवाज येत असेल तर वीज बंद करून डिस्क डेटा परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडेच न्यावी.

प्रत सुरक्षित झाल्यानंतरच डिस्कची दीर्घ चाचणी (स्मार्टमधील, संपूर्ण डिस्क वाचून पाहणारी) घ्यावी. मोठ्या डिस्कला त्यासाठी कित्येक तास लागतात. चाचणी वाचनातील दोषावर अडली, तर संपूर्ण डिस्कवर एकदा शून्ये लिहून पाहता येते, कारण प्रतीक्षेतील सेक्टरचा निकाल त्यावर लिहिण्याचा प्रयत्न झाल्यावरच लागतो: तो जागच्या जागी सावरतो किंवा राखीव जागेत हलवला जातो. त्यानंतर १९७ शून्यावर आला, ५ वाढला नाही आणि दुसरी दीर्घ चाचणी पूर्ण झाली, तर ती डिस्क दुय्यम कामासाठी ठेवता येते. एरवी ती बदलावी, आणि वॉरंटी शिल्लक असल्यास चाचणीचा निकाल दाव्यासोबत जोडावा.