बलाढ्य शेजाऱ्याचा प्रभाव आणि छोटी लोकशाही: लिथुआनियाच्या अनुभवातून टाळण्याजोग्या चुका

११ मार्च १९९० रोजी लिथुआनियाने सोव्हिएत संघापासून आपले स्वातंत्र्य पुन्हा जाहीर केले आणि पुढच्याच महिन्यात मॉस्कोने त्याचा खनिज तेलाचा पुरवठा तोडला, वायूचाही बराचसा रोखला. रणगाडे आले ते जानेवारी १९९१ मध्ये. त्याआधी, १९९० च्या एप्रिलपासून दोन-अडीच महिने, केवळ इंधनाच्या नाकेबंदीवर भागवण्यात आले. महाराष्ट्राच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढ्या आणि आज तीस लाखांहूनही कमी वस्तीच्या या देशाच्या एका अंगाला रशियाचा कालिनिनग्राद प्रांत आहे, तर दुसऱ्या अंगाला रशियाचा मित्र बेलारूस. या शेजाराशी वागताना त्याने काही गोष्टी अतिशय चांगल्या केल्या आणि काही चुकवल्या, त्यामुळे बड्या शेजाऱ्याच्या वाढत्या प्रभावाचा विचार करताना हा देश नमुना म्हणून उपयोगी पडतो.

चूक: एकाच नळावर घर चालवणे

शेजाऱ्याच्या हेतूंवर चर्चासत्रे भरवणे सोपे असते. आपल्याकडे येणारी कोणती वस्तू एकाच वाटेने येते, याची यादी करणे कंटाळवाणे असते. वास्तविक सुरुवात त्या यादीपासूनच व्हायला हवी. लिथुआनियाने तेलाच्या बाबतीत हे वेळेवर केले. माझेइकाइ येथील तेलशुद्धीकरण कारखान्याला रशियातून वाहिनीने कच्चे तेल येत असतानाच १९९९ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावर बुटिंगे येथे सागरी तेलस्थानक उभारले गेले. २००६ मध्ये हा कारखाना पोलंडच्या कंपनीला विकण्याचे ठरले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये वाहिनीत बिघाड झाल्याचे कारण देऊन रशियाकडून येणारे तेल थांबले. तो बिघाड आजतागायत दुरुस्त झालेला नाही. कारखाना मात्र बुटिंगेला उतरणाऱ्या तेलावर चालू राहिला.

वायूच्या बाबतीत ही दूरदृष्टी दिसली नाही. अनेक वर्षे वायू विकणारी एकच कंपनी होती, रशियाची गाझप्रोम. आणि वायू विकत घेऊन देशभर पोहोचवणाऱ्या लिथुआनियन कंपनीतही तीच गाझप्रोम मोठी भागधारक होती. विकणारा आणि घेणारा एकाच बाकावर बसलेले असतील, तर दराची बोलणी नावापुरतीच उरतात. लिथुआनिया युरोपातील सर्वांत महाग दरांपैकी एका दराने वायू घेत राहिला. अखेर ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘इंडिपेंडन्स’ नावाचे, द्रवरूप नैसर्गिक वायू साठवून त्याचे पुन्हा वायूत रूपांतर करणारे जहाज क्लायपेडा बंदरात आले. गंमत अशी की जहाज धक्क्याला लागण्याच्या काही महिने आधीच गाझप्रोमने दरात सुमारे पाचव्या हिश्श्याची सूट दिली होती. जहाजाचे भाडे जड जाते आणि त्याची पूर्ण क्षमता वापरलीच जात नाही, अशी टीका देशात झाली आणि ती खोटी नव्हती. परंतु पर्यायाची किंमत केवळ त्याच्या वापरावरून ठरवणे हीसुद्धा एक चूकच आहे, कारण तो पर्याय उपलब्ध असल्याचा परिणाम जुन्या विक्रेत्याच्या दरपत्रकात दिसत असतो. एप्रिल २०२२ मध्ये लिथुआनियाने रशियन वायूची आयात पूर्णपणे बंद केली, तेव्हा तोच खर्च कोणाला जड वाटला नाही.

(ही लक्षणे आपल्यालाही अपरिचित नाहीत, फक्त तेथे बलाढ्य शेजाऱ्याच्या जागी आपण असतो. २०१५ मध्ये भारतीय सीमेवरून नेपाळला इंधन येणे थांबले. भारताने नाकेबंदी केल्याचे नाकारले, तरी पुढच्याच वर्षी नेपाळने चीनशी मालवाहतुकीच्या मार्गांचा करार केला.)

चूक: सीमेवर पहारा आणि देणग्यांकडे डोळेझाक

प्रभाव सीमा ओलांडून येतोच असे नाही, तो निवडणूक निधीच्या पावतीवरूनही येतो. २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले रोलांदास पाक्सास यांनी आपल्या प्रचाराला सर्वांत मोठी देणगी देणाऱ्या, रशियात जन्मलेल्या उद्योजकाला नियम डावलून नागरिकत्व दिले. घटनात्मक न्यायालयाने हा राज्यघटनेचा भंग ठरवला आणि एप्रिल २००४ मध्ये संसदेने महाभियोगाद्वारे त्यांना पदावरून दूर केले. येथे संस्थांनी आपले काम चोख बजावले. मात्र त्यानंतर पाक्सास यांच्यावर संसदेची निवडणूक लढवण्याची आजन्म बंदी घातली गेली, आणि ती बंदी प्रमाणाबाहेरची असल्याचा निकाल युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०११ मध्ये दिला. परकीय प्रभावाशी लढताना लोकशाहीचा हात असा सैल सुटतो, म्हणून प्रत्येक निर्बंधाला मुदत आणि अपिलाची सोय हवी. २०१५ मध्ये एका रशियन दूरचित्रवाणी वाहिनीचे प्रक्षेपण चिथावणीच्या कारणावरून थांबवताना लिथुआनियाने ते तीन महिन्यांपुरतेच थांबवले, आणि युरोपीय आयोगाच्या तपासणीत तो निर्णय टिकला.

चूक: चोर सोडून संन्याशाला फाशी

शेजाऱ्याची भाषा बोलणारा आपला नागरिक म्हणजे शेजाऱ्याचा हस्तक नव्हे. १९८९ च्या कायद्याने लिथुआनियाने देशात कायम राहणाऱ्या सर्वांना, वंश किंवा भाषा न विचारता, नागरिकत्व घेण्याची मुभा दिली. लाटव्हिया आणि एस्टोनियाने तसे केले नाही, आणि तेथे लाखो रशियन भाषक दीर्घकाळ नागरिकत्वाविना राहिले. त्यांच्या तक्रारींचे भांडवल मॉस्कोने वर्षानुवर्षे केले. लिथुआनियात रशियन वंशाचे लोक मुळात कमी होते, त्यामुळे हा निर्णय त्याला सोपा गेला, हेही मान्य करायला हवे.

चूक: सोबत्यांना न विचारता पुढे जाणे

नोव्हेंबर २०२१ मध्ये राजधानी विल्नियसमध्ये तैवानचे प्रतिनिधी कार्यालय ‘तैवानी’ या नावाने उघडले गेले, तेव्हा संतापलेला देश तैवानला आपलाच भाग मानणारा चीन होता, रशिया नव्हे. पण येथील धडा शेजाऱ्यालाही लागू पडतो. लिथुआनियाची चीनला होणारी थेट निर्यात एकूण निर्यातीच्या सुमारे एक टक्काच असल्यामुळे फारसे बिघडणार नाही, असा हिशेब होता. चीनने मात्र लिथुआनियन सुटे भाग वापरणाऱ्या इतर देशांतील, विशेषतः जर्मन, कंपन्यांवर दबाव आणला आणि नुकसान सोबत्यांच्या दारात नेऊन ठेवले. कार्यालय उघडणे चुकीचे नव्हते, परंतु नाव आपल्याशी विचारविनिमय न करता ठरले ही चूक होती, असे राष्ट्राध्यक्ष गितानास नौसेदा यांनी जानेवारी २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितले. देशाच्या अध्यक्षालाच जे ठाऊक नाही, त्यावर बर्लिनने आधीपासून तयारीत असावे ही अपेक्षा फार होती. त्याच जानेवारीत युरोपीय संघाने हे प्रकरण जागतिक व्यापार संघटनेत नेले. सोबत्यांना बरोबर घेण्याची ही तयारी कार्यालयाची पाटी लावण्याआधी व्हायला हवी होती.

चूक: तहान लागल्यावर विहीर खणणे

युरोपीय संघाच्या प्रवेशासाठी मान्य केलेल्या अटीप्रमाणे २००९ च्या अखेरीस इग्नालिना अणुवीज केंद्र बंद झाले. देशाला लागणाऱ्या विजेचा मोठा भाग तेथून येत असे, आणि बंद होण्याची तारीख अनेक वर्षे आधी ठरलेली होती. तरीही स्वीडन आणि पोलंडशी जोडणाऱ्या वीजवाहिन्या सुरू व्हायला २०१५ ची अखेर उजाडली. त्यानंतरही वीजजाळ्याची वारंवारिता, म्हणजे जोडलेल्या सर्व वीजकेंद्रांनी एकत्र पाळायचा ठेका, मॉस्कोतूनच नियंत्रित होत होती. बेलारूस आणि कालिनिनग्रादकडे जाणाऱ्या शेवटच्या जोडण्या ८ फेब्रुवारी २०२५ रोजी तोडण्यात आल्या आणि दुसऱ्या दिवशी लिथुआनिया, लाटव्हिया आणि एस्टोनिया या बाल्टिक देशांचे जाळे पोलंडमार्गे युरोपीय जाळ्याशी जोडले गेले. तेव्हा १९९० ची नाकेबंदी उठून जवळपास पस्तीस वर्षे झाली होती.