मानेवरचे फोड आणि अंपायरची टोपी

एप्रिलमध्ये नेरुळला सोसायटीच्या क्रिकेट स्पर्धेत दिवसभर अंपायरिंग केलं. टोपी होती, पण पुढेच छज्जा असलेली. रात्री मान भट्टीसारखी तापली, सकाळी पाण्याने भरलेले फोड!

आई सुई घेऊनच आली. तिला थांबवलं, कारण फोडावरची कातडी हीच खरी मलमपट्टी; ती फाटली की जंतूंना वाट मोकळी. बर्फ नको, टूथपेस्ट तर मुळीच नको. नळाच्या गार पाण्यात भिजवलेला सुती पंचा दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, दिवसातून चार-पाच वेळा. फोड आपोआप फुटलाच तर साबण-पाण्याने हलक्या हाताने धुवायचा, पेट्रोलियम जेली लावायची आणि वर न चिकटणारी पट्टी. दुखलं तर पॅरासिटामॉल. पाणी भरपूर प्यायचं. कॉलरचा शर्ट आठवडाभर विसरा.

ताप, उलट्या, चक्कर, पू, चेहऱ्यावर किंवा अंगभर फोड, किंवा लहान मूल असेल, तर थेट डॉक्टर.

आता मी सर्व बाजूंनी काठ असलेली हॅट घालतो. एसपीएफ ३० चं सनस्क्रीन उन्हात जाण्याआधी पंधरा मिनिटं, मग दर दोन तासांनी, कानांच्या पाळ्यांनाही. खाडीवर ढग दाटले तरी लावतोच, अतिनील किरणं ढगांतूनही येतात. आणखी एक: पावसाळ्यात लेप्टोसाठी (साचलेल्या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापासाठी) देतात ती डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी घेतली असेल तर त्वचा उन्हाला लवकर भाजते.

सामने आम्ही सकाळी सातला सुरू करून दहाला थांबवतो. बॅट्समन कुरकुरतात. कुरकुरू देत.