राखेचा बुधवार रोजच्या श्रद्धेत कसा उतरवावा

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर लावली जाणारी राख बहुधा मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (येशूच्या यरुशलेम प्रवेशाच्या जयघोषाचे स्मरण करणाऱ्या, ईस्टरआधीच्या रविवारी) आशीर्वादित केलेल्या झावळ्यांची असते. म्हणून घरातील क्रुसामागे खोचलेली, वाळून पिवळी पडलेली झावळी आधीच काढून मुलांच्या हातून चर्चमध्ये द्यावी, म्हणजे जयघोषाच्या पानांची राख कशी होते हे त्यांना उमगेल.

कॅथलिक नियमानुसार १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत निरोगी व्यक्तीने या दिवशी एकदाच पोटभर जेवावे, आणि १४ वर्षे पूर्ण झालेल्यांनी मांस वर्ज्य करावे. मासळी चालते, मात्र मटणाऐवजी पापलेट आणि कोळंबीचे ताट वाढले, तर नियम पाळला जातो, पण उपवास हरवतो, असे मला मनापासून वाटते. त्यापेक्षा साधी पेज घ्यावी आणि वाचलेले पैसे त्याच संध्याकाळी दानासाठी वेगळ्या डब्यात टाकावेत. रविवार वगळता ईस्टरपर्यंतच्या ४० दिवसांत हा डबा स्वयंपाकघरात नजरेसमोर असू द्यावा.

त्या दिवशी वाचले जाणारे बायबलमधील मत्तयकृत शुभवर्तमान उपवास लोकांना न दाखवता करायला सांगते. तेव्हा कोणाशी अबोला असेल, तर त्याची वाच्यता न करता, कपाळावरची राख पुसण्यापूर्वीच त्याला फोन करावा.