बाथरूमचे रंग: आधी कमोड, मग टाइल, शेवटी हौस

जुनं बाथरूम फोडायला घेतलं की एक टाइल शाबूत काढून ठेवा, असं मी मिस्त्रींना सांगते. अशा टाइल्सनी माझ्याकडची एक अख्खी फळी भरली आहे. त्यातल्या बहुतेकींचं ग्लेझ, म्हणजे वरचा चकचकीत थर, आजही ठणठणीत आहे. तडा नाही, चकाकी गेलेली नाही. त्या निघाल्या त्या फक्त रंगापायी. कुणाला जांभळ्या फुलांच्या पट्टीचा कंटाळा आला, कुणाला मासे छापलेल्या भिंतीचा. भाजलेल्या मातीवरचं ग्लेझ माणसाच्या आवडीपेक्षा कितीतरी जास्त टिकतं, आणि सगळी पंचाईत तिथेच आहे.

त्यामुळे घर नव्यानं करून घेणाऱ्यांना मी ‘कोणता रंग आवडतो?’ हे शेवटी विचारते. आधी विचारते ते हे, की हा रंग उद्या नकोसा झाला तर काय फोडावं लागेल? जमिनीची फरशी बदलायची तर खालच्या वॉटरप्रूफिंगला धक्का लागतो. भिंतीच्या टाइल्स काढायच्या तर आतली पाइपलाइन सांभाळावी लागते. कमोड बदलणं त्यामानानं सोपं, पण तेही सुटीच्या दिवशी बसल्या बसल्या होणारं काम नाही. नळ, आरसा, कपाट ही मधली गोष्ट. रंगवलेली भिंत, टॉवेल, पडदा, पायपुसणं हे मात्र मनात आलं की बदलता येतं. जे फोडावं लागेल ते शांत रंगात, जे सहज बदलेल ते हवं तेवढं भडक. एवढं पाळलं तरी निम्मं काम झालं.

आता क्रम. बहुतेक लोक टाइलपासून सुरुवात करतात. मी कमोड आणि बेसिनपासून करते, कारण ते पांढरेच घ्यायचे असतात. रंगीत संच घेऊ नका, हे मी ठासून सांगते. अमेरिकेत १९५० च्या दशकात गुलाबी बाथरूमची लाट आली होती, ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात शेवाळी हिरव्या संचांची. दोन्ही लाटा ओसरल्या आणि घरं विकताना लोकांनी आधी तेच उपटून काढलं. शिवाय रंगीत बेसिनला तडा गेला तर जुळणारं दुसरं मिळेलच असं नाही. मग एकाच्या पायी दोन्ही बदला.

पण पांढरा म्हणजे एकच रंग नव्हे. एका कंपनीचा पांढरा निळसर, दुसरीचा किंचित पिवळट. कोरा कागद शेजारी धरला की लगेच कळतं. म्हणून कमोड-बेसिन शक्यतो एकाच कंपनीचे घ्यावेत आणि भिंतीची टाइल त्यांच्या शेजारी ठेवूनच ठरवावी. दुकानात मोतिया रंगाची टाइल सुरेख दिसते. तीच शुभ्र कमोडमागे लागली की कळकट वाटते. टाइल मळलेली नसते, शेजारचा पांढरा तिला मळकं ठरवतो. इथे माझा नियम असा: एकतर रंग नीट जुळू द्या, नाहीतर फरक ठळक ठेवा. बदामी हवा असेल तर खुशाल बदामी घ्या, दुरूनही कळेल असा. जवळपास पांढरा पण पांढरा नाही, हे दिसायला चुकल्यासारखं दिसतं.

यातून निघते झाक. करड्या रंगाच्या चार टाइल्स एका ओळीत ठेवा. एकटी पाहिली तर प्रत्येक करडीच वाटेल. एकत्र ठेवल्यावर एक निळसर, एक हिरवट, एक गुलाबीसर, एक मातकट असं दिसू लागतं. झाक गरम (पिवळसर, लालसर) बाजूची आहे की थंड (निळसर) बाजूची, ते ठरवायचं आणि जमीन, भिंत, बेसिनच्या प्लॅटफॉर्मचा दगड, कपाट यांत तीच बाजू धरून चालायचं. निळसर करडी जमीन आणि पिवळसर दगडाचा प्लॅटफॉर्म यांचं सहसा पटत नाही. का पटत नाही ते घरच्यांना सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतंय एवढं रोज सकाळी जाणवतं. मला विचाराल तर किंचित गरम झाकेचा करडा किंवा वाळूसारखा फिका रंग सर्वांत उशिरा जुना वाटतो. निळसर करडा माझ्या फळीवर आधीच येऊन बसला आहे.

दिसतं तसं नसतं, हे सर्वांत जास्त खरं ठरतं दिव्याखाली. २७०० ते ३००० केल्विनचा दिवा पिवळसर, ४००० चा मधला, ६५०० चा निळसर. दुकानं झगझगीत उजेडात असतात, तुमच्या बाथरूमला कदाचित खिडकीही नसेल. दोन रंग एका उजेडात अगदी एकसारखे आणि दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात. याला मेटॅमेरिझम म्हणतात. तेव्हा नमुन्याची टाइल घरी आणा, बाथरूममध्ये जो दिवा लागणार आहे तोच लावा आणि त्याखाली बघा. भिंतीची टाइल उभी धरून बघायची, जमिनीची आडवी ठेवून, उभ्यानं. आणि पाणी ओतून बघायचं, कारण ओली मॅट टाइल कोरडीपेक्षा गडद दिसते आणि बाथरूमची जमीन कोरडी कितीशी राहणार? दिवा घेताना खोक्यावरचा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा, ९० किंवा जास्त असेल असा घ्या. नाहीतर चांगल्या रंगाचंही तोंड उतरलेलं दिसतं.

आरशाचंही लक्षात ठेवा. आरशासमोरची भिंत गडद हिरवी असेल तर तिच्यावरून उसळलेला उजेड आरशातून चेहऱ्यावर पडतो आणि दाढी करणारा किंवा मेकअप करणारी आजारी दिसते. गडद रंगाची फारच हौस असेल तर तो आरशाच्या मागच्या भिंतीला द्या, समोरच्या नाही.

आता ज्याच्याकडे कुणी बघत नाही ते ग्राउट, म्हणजे टाइल्सच्या सांध्यांत भरायचं मिश्रण. टाइल निवडायला दोन महिने लागतात आणि ग्राउटचा रंग मिस्त्री उभ्या उभ्या विचारतो, “म्याडम, पांढरं भरू ना?” नाही. जमिनीच्या सांध्यांत पांढरं भरू नका. सिमेंटचं ग्राउट पाणी आणि मळ शोषतं, थोड्याच काळात ते वर्दळीच्या जागी करडं आणि कोपऱ्यात पांढरं असं दुरंगी होतं. त्यापेक्षा पहिल्या दिवसापासून मधला करडा किंवा टाइलच्या रंगापेक्षा किंचित गडद घ्या. इपॉक्सी (सिमेंटऐवजी राळेचं) ग्राउट डाग कमी धरतं, ओल्या भागात तेच बरं. सिमेंटचं ग्राउट वाळल्यावर फिकं होतं, म्हणून ओलं बघून रंग पसंत करू नका. टाकाऊ तुकड्यांवर भरून, वाळवून मग ठरवा. भिंतीला मात्र टाइलशी मिळतंजुळतं ग्राउट भरलं की सांधे विरून जातात आणि भिंत सलग, मोठी वाटते.

काळ्या ग्राउटचा मोह आवरा. पांढरी आडवी टाइल जुनी आणि भरवशाची आहे. न्यू यॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या स्थानकांत तीन बाय सहा इंचाच्या पांढऱ्या टाइल्स लागल्या होत्या, आणि सबवे टाइल हे नाव तिथूनच आलं. टाइल टिकून आहे. तिच्यात काळे सांधे भरले की भिंत चौकटीच्या वहीसारखी होते आणि मग नजर टाइलवर न जाता रेघांवर जाते.

रंग ठरवताना तुमचं पाणी कसं आहे हेही विचारात घ्या. जड पाण्याचे क्षार वाळले की पांढरे डाग राहतात. काळी टाइल, काळे मॅट नळ आणि काच यांवर ते सर्वांत आधी दिसतात. पाण्यात लोह असेल तर उलट, पांढऱ्यावर तांबूस ओघळ उमटतात. शुभ्र जमिनीवर केस दिसतात, काळ्या जमिनीवर साबण आणि पावडर. जमिनीसाठी मधला रंग, त्यात बारीक ठिपके किंवा दगडासारखी चढउतार असलेली मॅट, न घसरणारी टाइल याला मला तरी पर्याय दिसलेला नाही. संगमरवरासारख्या छापील टाइल्स घेणार असाल तर पेटीतल्या सगळ्या जमिनीवर मांडून बघा. एकच रेघ दर चौथ्या टाइलवर तशीच उमटली तर नकलीपणा उघडा पडतो.

घरात म्हातारी माणसं असतील तर सगळंच फिकं करण्याचा आग्रह सोडा. पांढऱ्या जमिनीवर पांढरा कमोड, मागे पांढरी भिंत असं असलं तर अधू नजरेला कड कळत नाही. रंगाच्या शेडकार्डावर पुष्कळदा एलआरव्ही हा आकडा असतो. तो रंग किती उजेड परत फेकतो ते सांगतो, काळ्याला ० आणि पांढऱ्याला १००. ब्रिटनमधल्या सर्वांना वापरता येणाऱ्या इमारतींच्या मानकात अशा लगतच्या पृष्ठभागांत ३० अंकांचा फरक सुचवलेला आहे. जमीन मध्यम गडद, भिंत फिकी ठेवली की हा फरक सहज साधतो, आणि दिसायलाही तीच जोडी सर्वांत जुनी व सुखद आहे.

धातूबद्दल थोडक्यात. क्रोम कशाशीही जमतं. पितळी रंग गरम झाकेशी शोभतो. एकच मुख्य धातू धरा, फार तर दुसरा एखाददोन ठिकाणी. शॉवरचा आतला भाग भिंतीत गाडलेला असतो, त्यामुळे त्याचा बाहेरचा भाग पुढे वेगळ्या रंगात मिळेल का, हे घेतानाच विचारून ठेवा.

६०-३०-१० चा हिशोब बरेच जण सांगतात: साठ टक्के मुख्य रंग, तीस दुय्यम, दहा उठावाचा. दिवाणखान्यात ठीक आहे. बाथरूममध्ये कमोड, बेसिन, छत मिळून पांढऱ्यानं आधीच मोठी जागा अडवलेली असते. त्यामुळे तिथे दोन रंग आणि एक लाकडाचा किंवा धातूचा पोत एवढं पुरे. मला कुणी मोकळा हात दिला तर मी असं करते: जमीन गरम करडी, भिंतीला खांद्याच्या उंचीपर्यंत पांढरी टाइल, त्यावर बाथरूमला चालणारं, बुरशी न धरणारं इमल्शन. त्या वरच्या पट्ट्यात सगळी हौस भागवा. मोरपंखी लावा, विटकरी लावा, गडद निळा लावा. शॉवरच्या कोपऱ्यात तेवढी टाइल छतापर्यंत न्या. वरचा रंग नकोसा झाला की नवा हात मारला की झालं.

खरेदीच्या दिवशी प्रत्येक पेटीवरचा शेड नंबर आणि बॅच नंबर एकच आहे ना ते स्वतः वाचा. तीच टाइल पुढच्या बॅचमध्ये छटेनं वेगळी येऊ शकते. मापापेक्षा दहा टक्के जास्त घ्या. आडवीतिडवी रचना करणार असाल तर आणखी थोड्या. काम झाल्यावर उरलेली पेटी मिस्त्रीला परत करायला देऊ नका, माळ्यावर टाका. आणि टाइलचं नाव, शेड नंबर, ग्राउटचा क्रमांक, भिंतीच्या रंगाचा कोड हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून बेसिनखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. कधीतरी पाइप गळेल, प्लंबर दोन टाइल्स फोडेल आणि तेव्हा दुकानाची पावती घरात कुणालाच सापडणार नाही.